गोल हुकला, तर रंग कशाला काढता?

रात्रीची फुटबॉलची मॅच. घरातला मुलगा, त्याचे दोन-चार मित्र, टीव्हीसमोर भेळेचं पातेलं. आपण ओट्याशी, नाहीतर आतल्या खोलीत उद्याच्या डब्याच्या तयारीत. आपल्यातल्या बऱ्याच जणींना ऑफसाइड म्हणजे काय ते कळत नाही, आणि कळून घ्यायची फारशी हौसही नसते. पण आवाज कानावर पडतच असतात. 'अरे पास दे ना', 'गेला, गेला', 'रेफरी आंधळा आहे का'... इथपर्यंत ठीक. मग कुणीतरी एक शब्द टाकतं. खेळाडूच्या कातडीवरून, केसांवरून, नाकावरून. कधी एखाद्या जनावराचं नाव. सगळी खोली हसते. आपणही सोडून देतो. पोरं आहेत, मॅच आहे, चालायचंच!

मैत्रिणींनो, हे 'चालायचंच' खोलीतून निघून थेट स्टेडियमपर्यंत जातं. खेळाडू कसा खेळला यावर बोलणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे. त्यासाठी त्याने तिकीट काढलेलं असतं. पण खेळाडू कसा जन्माला आला यावर बोलायचा हक्क कुठल्याच तिकिटात मिळत नाही. दोन्हींतला हा फरक मुलांना सांगायचा कुणी? शाळेत तो शिकवला जातोच असं नाही, आणि टीव्हीवरचा समालोचक तर सांगणारच नाही. म्हणजे ते काम पुन्हा आपल्याच पदरात!

मुंबईत घडलेली गोष्ट

वंशभेद म्हणजे गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे तसलं काही नसतं, असं आपण छातीठोकपणे सांगतो. पण १७ ऑक्टोबर २००७ या दिवशी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर काय झालं ते आठवून बघा. मॅच क्रिकेटची होती, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाच्या संघात अँड्र्यू सायमंड्स नावाचा खेळाडू होता. जन्म इंग्लंडमधला, जन्मदात्यांपैकी एक जण कॅरिबियन वंशाचा, आणि लहानपणीच दत्तक गेलेला. त्याला वाढवलं ते दत्तक घेणाऱ्या आईवडिलांनी. हा सायमंड्स दिसला की प्रेक्षकांतले काही जण माकडासारखे आवाज काढायचे, माकडासारखे हातवारे करायचे.

त्याआधी सहाच दिवस, ११ ऑक्टोबरला, वडोदऱ्याच्या सामन्यातही हेच झालं होतं. तेव्हा 'लोक देवाचा गजर करत होते' असा खुलासा झाल्याचं बातम्यांत आलं होतं. मुंबईत मात्र एक फोटो निघाला. स्टँडमध्ये उभं राहून माकडाचे हावभाव करणारी माणसं त्यात स्वच्छ दिसत होती. तो फोटो जगभर छापून आला आणि गजराचा खुलासा द्यायला जागाच उरली नाही. पोलिसांनी चार प्रेक्षकांना बाहेर काढून त्यांच्यावर कारवाई केली.

त्या मालिकेत मालिकावीर ठरला तो सायमंड्सच. पुढे मे २०२२ मध्ये मोटार अपघातात तो गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी. त्याच्या फलंदाजीच्या आठवणी निघाल्या, तशी मुंबईचीही निघाली. पाहुणा आपल्या दारातून काय घेऊन गेला, हे आपण घरी किती जपतो! त्या दिवशी तो आपल्याकडून काय घेऊन गेला?

फुटबॉलमध्ये तर रोजचंच

फुटबॉलमध्ये ही कीड जुनी आहे. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या अंगावर केळी फेकली जायची. तिथे १९९१ मध्ये कायदा झाला आणि सामन्यात वंशावरून घोषणा देणं गुन्हा ठरला. १९९३ मध्ये 'किक इट आउट' ही चळवळ सुरू झाली. कायदा झाला, चळवळ झाली, म्हणजे सगळं संपलं का? नाही.

११ जुलै २०२१. युरो स्पर्धेचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध इटली. सामना पेनल्टीवर गेला. इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका या तिघांचे गोल हुकले. तिघेही कृष्णवर्णीय. साका तर अवघा १९ वर्षांचा, म्हणजे आपल्याकडे कॉलेजात जाणारा मुलगा! त्या रात्री त्यांच्या मोबाईलवर घाणेरड्या शिव्यांचा आणि माकडांच्या चित्रांचा पाऊस पडला. गोल झाला असता तर हीच मुलं देशाची लाडकी. हुकला, तर लगेच परकी.

पण त्याच वेळी मँचेस्टरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. विदिंग्टन भागात एका भिंतीवर रॅशफर्डचं मोठं चित्र रंगवलेलं आहे. कुणीतरी ते विद्रूप केलं. दुसऱ्या दिवशी आसपासचे लोक आले. त्यांनी तिथे कागदाचे बदाम, चिठ्ठ्या, मुलांनी लिहिलेली पत्रं चिकटवली. बघता बघता भिंतीचा तो भाग कागदांनी भरून गेला. त्यांना कुणी आदेश दिला नव्हता. आपल्या गल्लीत असं चालणार नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

स्पेनची गोष्ट आणखी कडक आहे. रेआल माद्रिद संघाकडून खेळणारा व्हिनिसियस ज्युनिअर हा ब्राझीलचा खेळाडू. २१ मे २०२३ ला व्हॅलेन्सियाच्या मैदानावर प्रेक्षक त्याला माकड म्हणून चिडवू लागले. तो मुकाट्याने खेळत राहिला नाही. थांबला, आणि चिडवणाऱ्याकडे बोट दाखवून रेफरीला म्हणाला, हा बघा, हाच तो. सामना काही मिनिटं थांबला. पुढे खटला चालला आणि जून २०२४ मध्ये तिघांना ८ महिने तुरुंगवासाची आणि २ वर्षं मैदानबंदीची शिक्षा झाली. फुटबॉलच्या मैदानावरच्या वंशद्वेषी शिवीगाळीसाठी स्पेनमध्ये झालेली ही पहिलीच शिक्षा. तिथल्या रिवाजाप्रमाणे एवढ्या कमी मुदतीची शिक्षा पहिल्याच गुन्ह्याला सहसा भोगावी लागत नाही, पण गुन्हा म्हणून नोंद झाली हे महत्त्वाचं. क्लबनेही त्या तिघांना कायमचं बाहेर काढलं.

तरीसुद्धा मार्च २०२४ मध्ये, एका सामन्याच्या आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना हाच व्हिनिसियस रडला. खेळण्याची इच्छाच दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, असं त्याने सांगितलं. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एक हा. पैसा आला, नाव झालं की शब्द लागत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि हे फक्त पुरुषांच्या खेळात होतं असंही नाही. जुलै २०२५ मध्ये महिलांच्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या जेस कार्टरला असल्याच शिव्यांचा मारा सहन करावा लागला. तिने सोशल मीडियापासून लांब राहायचं ठरवलं. तिच्या मैत्रिणी मात्र तिच्या बाजूने उघडपणे उभ्या राहिल्या. पुढे इंग्लंडने ती स्पर्धा जिंकलीच.

आपलं फुटबॉल, आपले प्रेक्षक

आता आपल्याकडे येऊ. मार्च २०२४ मध्ये केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात, अरिकोडला सात-सात जणांच्या फुटबॉलचा सामना होता. आयव्हरी कोस्टहून आलेला एक तरुण तिथे खेळत होता. प्रेक्षकांनी त्याला रंगावरून शिव्या दिल्या, दगड मारले, पाठलाग करून मारहाण केली, अशी तक्रार घेऊन तो पोलिसांकडे गेला. जमावाने त्याला घेरलेलं चित्रण मोबाईलवर सगळ्या देशाने पाहिलं. फुटबॉलवर जीव टाकणारा जिल्हा म्हणून मलप्पुरमची ओळख. पण खेळावर प्रेम असलं म्हणजे खेळाडूवर असतंच असं नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या नायजेरियन खेळाडूंनी एक काळ गाजवला. रँटी डेम्पोचा, ओडाफा चर्चिल ब्रदर्सचा. त्यांच्या गोलांवर गोव्याच्या क्लबांनी देशाची लीग जिंकली. त्याच गोव्यात २०१३ साली एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर तणाव झाला, तेव्हा 'नायजेरियन नकोत' असे फलक लागले. एका मंत्र्याने तर त्यांची तुलना कॅन्सरशी केली आणि नंतर माफी मागितली. मैदानावर आपला, गल्लीत परका, असं कसं चालेल?

महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर कोल्हापूरला जावं. तालमींचे संघ, पेठापेठांची ईर्षा, शाहू स्टेडियमवर उसळलेली गर्दी. आफ्रिकेतले खेळाडूही तिथे येऊन खेळले आहेत. समर्थकांच्या हुल्लडबाजीने पोलिसांना मध्ये पडावं लागल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. जिथे इतकी ईर्षा, तिथे जिभेला लगाम घालायची जबाबदारीही तेवढीच मोठी. पेठेचा अभिमान जरूर असावा. पण त्यासाठी दुसऱ्याची जात, रंग, घराणं काढायची गरज का पडावी?

आणि ईशान्येकडच्या मुली? भारताच्या महिला फुटबॉलचा पाया मणिपूरच्या मुलींनी घातला म्हटलं तरी चालेल. तिथल्या बेमबेम देवीला पद्मश्री मिळाली. तिथल्याच बाला देवीला २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने करारावर घेतलं. पण अशाच चेहऱ्याची मुलगी आपल्या स्टेशनवर उतरली तर लोक काय म्हणतात, ते आठवा. 'चिनी' आणि 'नेपाळी' याच्या पुढे आपली गाडी जात नाही.

आपल्यावर आलं तेव्हा

हीच शिवी आपल्यावर आली तेव्हा आपल्याला कसं वाटलं? जानेवारी २०२१, सिडनी. भारताचा मोहम्मद सिराज सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करत होता. रिक्षा चालवणारे त्याचे वडील दोनच महिन्यांपूर्वी वारले होते आणि त्याला अंत्यदर्शनालाही येता आलं नव्हतं. प्रेक्षकांतून रंगावरून शिव्या आल्या. त्याने कप्तानाला सांगितलं. कप्तान होता आपला अजिंक्य रहाणे. रहाणेने 'जाऊ दे रे' म्हटलं नाही. त्याने पंचांकडे विषय नेला, खेळ काही मिनिटं थांबला. मैदान सोडून जायची मुभा पंचांनी दिली होती. पण आम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आम्ही खेळणार, असं रहाणे म्हणाल्याचं सिराजने पुढे सांगितलं. तो सामना अनिर्णित राहिला आणि मालिका आपण जिंकली.

यात शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. त्या दिवशी सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं होतं. शिवीगाळ झाली हे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने मान्य केलं, माफीही मागितली. पण चौकशीत निघालं की शिव्या देणारे ते सहा जण नव्हते. म्हणजे खरे दोषी सापडलेच नाहीत. का? कारण शेजारी बसलेल्यांनी वेळेवर बोट दाखवलं नाही.

जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या एजबॅस्टनला तर भारतीय प्रेक्षकांनाच शिव्या खाव्या लागल्या. तिकीट काढून, लेकराबाळांना घेऊन मॅच बघायला गेलेली माणसं! त्यांनी तक्रार केली, एकाला अटक झाली. पुढच्या सामन्याला मैदानवाल्यांनी साध्या वेशातली माणसं प्रेक्षकांत बसवली आणि मोबाईलवरून जागेवरूनच तक्रार करायची सोय केली. सिडनी आणि एजबॅस्टनच्या बातम्या वाचून आपलं रक्त उसळलं. मग वानखेडेच्या वेळी ते का उसळलं नाही? माप दोन ठेवून न्याय होत नाही. आपल्या किराणा दुकानदाराने दोन मापं ठेवली तर आपण त्याला सोडतो का?

एका गणवेशातला भेद

रंगाचं बोलताना जातीचं झाकून ठेवणं बरं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या महिला हॉकी संघाचा उपांत्य सामना गेला. त्यानंतर वंदना कटारियाच्या घरासमोर, हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात, काही जणांनी फटाके वाजवले आणि घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या. याच वंदनाने चार दिवसांपूर्वी ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक केली होती. अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटक केली. पण आईच्या कानावर पडलेले शब्द कोण परत घेणार?

आपल्या महाराष्ट्रात तर ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. पळवणकर बाळू हे देशातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण पुण्यात त्यांच्याच संघातले लोक त्यांना चहा देत तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू त्यांच्या हातचा चालायचा, कप मात्र चालायचा नाही.

आणि मनमाडकरांना तर हे वेगळं सांगायला नको. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद आपल्याच गावात भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. एकाच रेल्वेत, एकाच मालकाकडे घाम गाळणाऱ्या माणसांना जन्मावरून वरची कामं कशी नाकारली जातात, हे त्यांनी तिथे मांडलं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं ते म्हणाले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. गणवेश एक झाला म्हणून माणसं एक होत नाहीत, हे मनमाडने तेव्हाच ऐकलं आहे. फुटबॉलच्या जर्सीला तरी वेगळा नियम कसा असेल?

याच गावात गुप्तसर गुरुद्वारातल्या लंगरमध्ये सगळे एका पंगतीत बसतात. कुणी कुणाचं गाव विचारत नाही, जात विचारत नाही. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. तिथे जमतं कारण तिथे तसा नियम आहे आणि तो सगळे पाळतात.

मग करायचं काय?

पहिलं काम घरातलं. मॅच बघताना मुलाने रंगावरून शब्द काढला की तिथल्या तिथे, शांतपणे सांगा, 'खेळावर बोल, कातडीवर नाही.' भाषण नको. चारचौघांत अपमानही नको, त्याने पोर हट्टाला पेटतं. पण न बोलता सोडूही नका. पुन्हा तेच झालं तर टीव्ही बंद. दोनदा बंद झाला की तिसऱ्यांदा मित्रच एकमेकांना गप्प करतील.

दुसरं, आपली स्वतःची जीभ. हे जरा बोचेल. 'काळी आहे पण नाकीडोळी नीटस आहे' यातला 'पण' कुणाचा? आपलाच. स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द आपणच घालतो. सून गरोदर राहिली की केशराची डबी आपणच आणतो. गोरं करणाऱ्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या कंपनीने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून टाकला, आपल्या बोलण्यातला तो अजून तसाच आहे. सावळ्या विठ्ठलाला डोळे भरून बघायचं आणि सावळ्या सुनेला बघून नाक मुरडायचं! पोरं हे बघत असतात. स्टेडियममध्ये ती जी भाषा बोलतात, तिची बाराखडी घरातच गिरवलेली असते.

तिसरं, गावातल्या स्पर्धा. फुटबॉल असो, कबड्डी असो नाहीतर टेनिस बॉल क्रिकेट. बक्षीस समारंभाला नगरसेविका, महिला मंडळाच्या अध्यक्षा, शाळेच्या मुख्याध्यापिका पाहुण्या म्हणून बोलावल्या जातात. नारळ फोडायला जाल तेव्हा आयोजकांना एक अट घाला. सामन्याआधी माइकवरून सांगायचं, की रंग, जात, धर्म किंवा गाव यावरून कुणी शिवी दिली तर सामना थांबेल. युरोपात फुटबॉलच्या रेफरीला तीन पायऱ्या दिलेल्या आहेत. आधी खेळ थांबवून माइकवरून ताकीद. तरी ऐकलं नाही तर खेळाडू काही वेळ आत. तरीही नाहीच ऐकलं तर सामना रद्द. याला पैसा लागत नाही, माइक तर आपल्याकडे असतोच. आणि हो, समालोचन करणाऱ्यालाही बजावून ठेवा. 'काळा पहाड', 'काळू' असली नावं बरेचदा माइकवरूनच सुरू होतात.

चौथं, ज्याला शिवी बसली त्याच्याबद्दल. आपला मुलगा किंवा मुलगी रडवेली होऊन घरी आली तर 'तू लक्ष देऊ नकोस' असं म्हणू नका. त्याचा अर्थ मुलाला 'तूच सहन कर' असा कळतो. कोण बोललं, कधी, कुठल्या बाजूला बसला होता, ते विचारा. वहीत लिहून ठेवा. प्रशिक्षकाला, शाळेला लेखी द्या. जातीवरून सार्वजनिक ठिकाणी अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. वंश, जात, धर्म, भाषा यावरून गटागटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ प्रमाणे गुन्हा आहे. पोलिसांसाठी ११२ हा नंबर आहेच.

आणि आपलंच पोर शिव्या देणाऱ्यांत निघालं तर? पांघरूण घालू नका. त्याला सोबत घेऊन त्या मुलाच्या घरी जा. समोरासमोर माफी मागायला लावा. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. दारात उभं राहून, त्या मुलाच्या आईच्या डोळ्यांत बघून मागितलेली माफी पोर जन्मभर विसरत नाही.

सगळ्यात अवघड जागा असते ती शिवी देणाऱ्याच्या शेजारची. त्याला थांबवणं रेफरीच्या हातात नसतं, पोलिसाच्याही नसतं. ते शेजारी बसलेल्याच्याच हातात असतं. आपल्या मुलाला कदाचित मोठा फुटबॉलपटू होता येणार नाही. पण शेजारच्याचा हात धरून 'ए, हे बोलू नकोस' म्हणणारा प्रेक्षक त्याला नक्की होता येईल.